गॅस भरून आलेला स्प्लिट एसी स्वतः बसवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाथर्डी फाट्याजवळ नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर घर घेतलं. दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट ऑनलाइन मागवला. पुस्तिकेत ‘गॅस कारखान्यातूनच भरलेला आहे’ असं लिहिलंय. बसवणारा माणूस स्टँड, जास्तीचा पाईप, वायर आणि मजुरी धरून बरीच रक्कम सांगतोय. जर्मनीतल्या चुलतभावाने तिथे असाच एक संच कुणालाही न बोलावता लावला. तुम्ही स्वतः मेकॅनिकलचे, अंबडला कारखान्यात नोकरीला, हत्यारं हाताळायची सवय आहे. मग हे घरच्या घरी का करू नये?

मी सातपूरच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला आणि तेव्हापासून नाशकातच हे काम करतोय. माझं उत्तर असं: जागा ठरवणं, भिंत तपासणं, भोक पाडणं, ड्रेनचा म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचा उतार काढणं, हे तुम्ही करू शकता आणि मजुरीवर आलेल्या घाईच्या माणसापेक्षा चांगलं कराल. तांब्याचे जोड, व्हॅक्यूम (पाईपमधली हवा पंपाने ओढून काढणं) आणि व्हॉल्व्ह उघडणं मात्र सराव झालेल्या हाताकडे द्या. आउटडोअर सहाव्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर टांगायचा असेल तर तेही स्वतः करू नका. कारणं सविस्तर सांगतो. ती कळली की माणूस बोलावल्यावर त्याचं काम बरोबर चाललंय का, हेही तुम्हाला समजेल.

आधी ‘गॅस भरलेला’ म्हणजे काय ते बघू. गॅस असतो फक्त आउटडोअरमध्ये, दोन सर्व्हिस व्हॉल्व्हच्या मागे कोंडलेला. इनडोअर आणि मधला कॉपर पाईप रिकामे असतात. इनडोअरच्या टोकांना टोपणं लावून आत बहुधा थोडा नायट्रोजन ठेवलेला असतो. टोपण सैल केल्यावर ‘फुस्स’ आवाज येतो तो त्याचा. आवाज आला नाही तर कॉइल वाटेत कुठे गळतेय का, अशी शंका घ्यावी आणि ते विक्रेत्याला तेव्हाच कळवावं. कारखान्यात भरलेला गॅस ठरावीक लांबीच्या पाईपला पुरेल एवढा असतो. घरगुती मशीनला ही लांबी बहुतेक वेळा तीन ते पाच मीटरच्या आसपास धरलेली असते, काहींना जास्त. त्यापुढे दर मीटरला किती ग्रॅम गॅस वाढवायचा ते पुस्तिकेत दिलेलं असतं. म्हणजे पाईप लांब गेला की कारखान्यातला गॅस पुरत नाही, आणि वरचा गॅस वजनकाट्यावर मोजूनच घालावा लागतो. दाब दाखवणाऱ्या गेजवर अंदाजाने नाही. इन्व्हर्टर मशीनचा कॉम्प्रेसर वेग बदलत राहतो, त्यामुळे गेजचा काटा पाहून गॅस पुरेसा झाला म्हणणं निरर्थक ठरतं.

चुलतभावाने लावला तो संच वेगळ्या जातीचा असणार. त्यात पाईपमध्येही आधीच गॅस असतो, आणि टोकांना स्वतः बंद होणारे कपलिंग असतात. दोन टोकं एकमेकांत फिरवून घट्ट केली की आतलं पातळ पत्र्याचं सील फाटतं किंवा व्हॉल्व्ह उघडतो आणि मार्ग जोडला जातो. फ्लेअर मारायला (पाईपचं तोंड शंकूसारखं पसरवायला) नको, व्हॅक्यूम नको. कल्पना चांगली आहे. पण पाईप ठरलेल्या लांबीचाच येतो, कापता येत नाही. उरलेला पाईप मशीनमागे गुंडाळून ठेवावा लागतो, आणि वेटोळं उभं ठेवलं तर त्यात कॉम्प्रेसरचं तेल साचतं, म्हणून ते आडवंच ठेवायचं. काही कपलिंग एकदाच जोडण्यासाठी असतात. घर बदलताना सोडवून पुन्हा लावली तर गळतात. असे संच आपल्याकडे मेन रोडच्या किंवा कॉलेज रोडच्या दुकानांत सहसा दिसत नाहीत. तुम्ही मागवलेला एसी साध्या फ्लेअर नटांचा आहे. दोन्हींच्या खोक्यावर ‘गॅस भरलेला’ लिहिलेलं असलं तरी काम सारखं नाही.

कायद्याचंही विचारलंत. युरोपीय संघात २०१४ पासूनच्या नियमांनुसार असा स्प्लिट ग्राहकाला विकतानाच, तो प्रमाणपत्रधारक तंत्रज्ञ बसवणार आहे याचा पुरावा विक्रेत्याने घ्यायचा असतो. तेव्हा भावाने लावला म्हणून तिथे कुणीही लावू शकतो असं नाही. आपल्याकडे घरगुती एसी बसवायला असं सक्तीचं प्रमाणपत्र नाही. आयटीआय केलेला, कंपनीचं प्रशिक्षण घेतलेला आणि दोन महिने कुणाच्या हाताखाली हेल्पर राहिलेला, तिघेही तुमच्या दारात सारख्याच हक्काने उभे राहतात. म्हणून कामाची पारख घरमालकालाच करावी लागते. विजेचं मात्र तसं नाही. नवीन लाइन ओढणं, वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) टाकणं हे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम आहे.

आता जोडांकडे येतो. सगळी मेख तिथे आहे.

दीड टनाला साधारणपणे दोन सुती (पाव इंची) लिक्विड लाइन म्हणजे बारीक पाईप आणि चार सुती (अर्धा इंची) सक्शन लाइन म्हणजे जाड पाईप लागतो. इनडोअरला दोन जोड, आउटडोअरला दोन, एकूण चार फ्लेअर. पाईप कापायचा तो कटरने, हळूहळू फिरवत. हॅक्सॉने कापलेल्या पाईपचा कीस आत राहतो आणि तो थेट कॉम्प्रेसरपर्यंत जातो. कापल्यावर आतल्या कडेला जी धार वळलेली असते ती रीमरने काढायची, आणि ती काढताना पाईपचं तोंड खाली ठेवायचं म्हणजे बारीक कण बाहेर पडतात. नट आधी पाईपवर चढवून ठेवायचा, हे नवा माणूस हमखास विसरतो. मग पाईप टूलमध्ये ठरावीक उंचीला धरून एकसारखा जोर देत शंकू आत उतरवायचा. चांगली फ्लेअर उजेडात धरून बघितली की आतला पृष्ठभाग एकसारखा चमकतो. कुठे रेघ नाही, कडेला चीर नाही, एक बाजू रुंद आणि एक अरुंद असं नाही. नट वर सरकवला की फ्लेअरची कड नटाच्या आतल्या भिंतीला न घासता बरोबर बसते. तसं झालं नाही तर कापायची आणि पुन्हा मारायची. तीच फ्लेअर पुन्हा टूलमध्ये दाबून सरळ करायला जाऊ नये. तांबं ठोकलं की कडक होतं, हे भांडी बाजारातल्या कुठल्याही तांबटाला विचारा. कडक झालेली कड पुन्हा दाबली की तडकते, आणि ती चीर डोळ्याला दिसत नाही.

प्लंबिंगची सवय असलेले लोक इथे टेफ्लॉन टेप गुंडाळतात. तसं करू नका. फ्लेअरचा जोड आट्यांवर बंद होत नाही, तांब्याचा शंकू पितळेच्या शंकूवर बसून बंद होतो. टेपमुळे नट नीट बसत नाही, आणि टेपचा तुकडा आत गेला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकतो. फ्लेअरच्या पाठीला कॉम्प्रेसर ऑइलचा एक थेंब लावायचा, नट आधी हाताने चार-पाच आटे सरळ जातोय ना ते बघायचं, मग दोन पाने वापरून घट्ट करायचा. एक पाना धरायला, एक फिरवायला. एकाच पान्याने ओढलं की इनडोअरचा पाईप पिळतो आणि मुळाशी तडा जातो. जोर किती द्यायचा याचे आकडे पुस्तिकेत असतात. दोन सुतीला साधारण १५ ते १८ न्यूटन मीटर, चार सुतीला ५० ते ६०. तुम्ही कारखान्यात टॉर्क रेंच वापरत असाल, तर हा भाग तुम्हाला पटकन कळेल. आमच्या धंद्यात बहुतेक जण हाताच्या अंदाजावर जातात. अंदाज बरोबर येतो तो वर्षानुवर्षं केल्यावर. नवख्या हाताने एकतर सैल राहतो किंवा नट तडकतो.

आताच्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ गॅस असतो, त्याचा दाब जुन्या एसींतल्या आर-२२ गॅसपेक्षा बराच जास्त असतो. मशीन बंद असतानाही ३५ अंश तापमानाला आत सुमारे ३०० पीएसआय दाब असतो. आर-२२ ला त्याच तापमानाला १८० च्या आसपास. जी फ्लेअर जुन्या मशीनला वर्षभर चालून गेली असती, ती आर-३२ ला पहिल्या उन्हाळ्यातच गळते. गळतीची खूण सांगतो: नटाभोवतीची धूळ तेलकट, काळपट होऊन चिकटलेली दिसते. गॅसबरोबर थोडं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. ‘दरवर्षी गॅस कमी होतो, भरावा लागतो’ असं सांगून टॉप-अप करणारे बरेच आहेत. एसीतला गॅस खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला, आणि ती जागा बहुतेक वेळा याच चार नटांपैकी एक असते.

जोड झाल्यावर पाईपमध्ये आणि इनडोअरमध्ये हवा उरते. हवेबरोबर ओलावा. ही हवा काढायची जुनी पद्धत म्हणजे आउटडोअरचा व्हॉल्व्ह जरा उघडायचा, सक्शनचा नट किंचित सैल ठेवायचा, गॅसने हवा ढकलून बाहेर काढायची आणि नट आवळायचा. दोन मिनिटांत काम होतं. आर-२२ च्या काळात हे सर्रास चालायचं, आणि अजून काही जण तेच करतात. आर-३२ ला हे करू नये, आणि कुणी तुमच्या घरात करायला लागला तर थांबवा. कारखान्यात ग्रॅममध्ये मोजून भरलेला गॅस त्यात वाया जातो. तो गॅस जळू शकणारा आहे. आणि ओलावा तर निघतच नाही. आताच्या मशीनमधलं कृत्रिम तेल ओलावा धरून ठेवतं. त्यातल्या एस्टर जातीच्या तेलाची पाण्याशी क्रिया होऊन आम्ल तयार होतं, ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचा थर खातं. मशीन पहिल्या दिवशी उत्तम थंड करतं, दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसर जातो, आणि तेव्हा दोष कंपनीच्या माथी मारला जातो.

व्हॅक्यूम पंपाने दाब इतका खाली आणतात की पाईपमधलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं आणि ओढलं जातं. साध्या निळ्या गेजचा काटा शून्याखाली गेला म्हणजे झालं असं नसतं. त्या गेजवर शेवटचा, महत्त्वाचा टप्पा दिसतच नाही. तो मायक्रॉन गेजवर (अगदी कमी दाब मोजणारं यंत्र) दिसतो, आणि ५०० मायक्रॉनच्या खाली जाऊन पंप बंद केल्यावर काही मिनिटं तिथेच स्थिर राहिला तर सिस्टिम कोरडी आणि बंद आहे असं समजायचं. आकडा वर चढून एका जागी थांबला तर आत ओलावा आहे, चढतच राहिला तर गळती. घरच्या छोट्या पाईपला पंधरा-वीस मिनिटं पंप चालू द्यावा. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पंप म्हणून घेऊन फिरणारे लोक आहेत, त्याने एवढी खोल पोकळी होत नाही.

व्हॅक्यूमआधी दाबाची चाचणी कोरड्या नायट्रोजनने करतात. इथे एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे. वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजनची टाकी आणून दाब देऊन बघायचा मोह काही जणांना होतो. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. ऑक्सिजन कधीही, कुठल्याही कारणासाठी एसीच्या पाईपमध्ये सोडू नका.

आर-३२ जळतो म्हणून घरात ठेवायचा का, अशी भीतीही तुम्ही लिहिली होती. तिचं माप काढून बघू. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. आर-३२ हवेत पेट घेण्यासाठी एका घनमीटरमागे सुमारे ३०० ग्रॅम लागतो. सगळी खोली त्या पातळीला न्यायला दहा किलो गॅस लागेल. तुमच्या मशीनमध्ये किलोच्या आत-बाहेर असेल. पेटण्याचा वेगही फार कमी आहे. त्यामुळे रोजच्या वापरात घाबरण्याचं कारण नाही. धोका असतो तो गळतीच्या तोंडाशी, जमिनीलगत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड आहे. पाईपमध्ये गॅस असताना कुणी ब्रेझिंगची (तांब्याचे जोड तापवून सांधण्याची) ज्योत लावली तर तिथे आग तर होतेच, शिवाय जळलेल्या आर-३२ मधून हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू निघतो. म्हणून काम चालू असताना खिडकी उघडी, गॅसची शेगडी बंद, देवघरातलं निरांजन विझवलेलं. काही मशीनमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो. तो याहून कितीतरी सहज पेटतो. त्या मशीनला तर हात लावायचाच नाही, कंपनीचाच माणूस बोलवायचा. नाव मशीनच्या पाटीवर लिहिलेलं असतं, आधी ते वाचा.

याहून मोठी भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती आहे एसी काढताना. घर बदलताना लोक गॅस आउटडोअरमध्ये ‘लॉक’ करतात. म्हणजे मशीन कूलिंगवर चालू ठेवून आधी लिक्विडचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गॅस ओढला गेला की सक्शनचा बंद करायचा आणि लगेच मशीन बंद करायचं. कृती सोपी दिसते म्हणून व्हिडिओ बघून केली जाते. पण कॉम्प्रेसर चालू असताना एखादा नट सैल असेल, किंवा घाईत पाईप आधीच सोडवला, तर कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत ओढतो. हवा, तेलाचे बारीक कण आणि प्रचंड दाब एकत्र आले की आतल्या आत पेट घेतो आणि कॉम्प्रेसरचं कवच फुटतं. जपानमध्ये असे अपघात नोंदले गेले आहेत आणि तिथे याबद्दल लोकांना वारंवार सावध केलं जातं. तो डबा फुटतो तेव्हा माणूस त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलेला असतो. बसवायचं काम एक वेळ शिकून कराल, पण काढायचं काम माहीतगारालाच द्या. गळती आहे असं माहीत असलेल्या मशीनवर तर हा प्रकार अजिबात करू नका.

आता तुमच्या इमारतीबद्दल. पाथर्डी फाटा, गंगापूर रोडचा पुढचा भाग, इकडच्या नव्या इमारतींत बाहेरच्या भिंती बऱ्याचदा पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या असतात. ड्रिलमधून पडणारी पावडर बघा. लाल असेल तर वीट, करडी आणि बिट कण्हत जात असेल तर काँक्रीट, पांढरी आणि बिट जोर न लावता आत जात असेल तर ब्लॉक. ब्लॉकमध्ये नेहमीचा अँकर फास्टनर आवळला की आवळताना घट्ट वाटतो, पण ब्लॉकचा भुसा होत असतो. आउटडोअरचं वजन पंचवीस ते पस्तीस किलो, वर त्याचं सततचं कंपन आणि पावसाळ्यातलं पाणी. काही महिन्यांत स्टँड पुढे झुकतो. खाली पार्किंगमध्ये मुलं खेळतात, हे डोळ्यांसमोर ठेवा. ब्लॉकच्या भिंतीला भिंतीच्या आरपार जाणारे बोल्ट आणि आतल्या बाजूला पट्टी हवी, नाहीतर स्टँड सरळ आरसीसी बीमवर किंवा कॉलमवर घ्यायचा. जुन्या नाशकातल्या वाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या माती-विटांच्या भिंतीवर मी काहीच टांगत नाही, आउटडोअर गच्चीवर किंवा जमिनीवर ठेवतो.

आमच्या धंद्यातली माणसं गॅसपेक्षा उंचीवरून पडून जास्त जातात. खिडकीच्या छज्जावर उभं राहून, एका हाताने ग्रिल धरून तीस किलोचं मशीन स्टँडवर ढकलणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. छज्जा माणसाचं आणि मशीनचं वजन पेलायला बांधलेला असतोच असं नाही. सहाव्या मजल्यावर बाहेरून काम असेल तर सेफ्टी बेल्ट, तो अडकवायला आतली पक्की जागा आणि दोन माणसं, एवढं असल्याशिवाय कामाला सुरुवात करू देऊ नका. बेल्ट नसलेल्या माणसाला परत पाठवा, चार दिवस उशीर झाला तरी चालेल. तुमच्या फ्लॅटला ड्राय बाल्कनी असेल तर आउटडोअर तिथे रबर पॅडवर ठेवणं मला सगळ्यात योग्य वाटतं. फक्त पंख्याचं तोंड बाहेरच्या बाजूला मोकळं हवं. बाल्कनीला काच किंवा पत्रा लावून बंद केली असेल तर मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ट्रिप होतं. कपडे वाळत घालायची जागा जाते म्हणून घरून विरोध होईल, तो आधी सोडवून घ्या.

विजेचं थोडक्यात. दीड टनाला स्वतंत्र लाइन, साधारण चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, योग्य एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). जुन्या सिडकोतल्या घरांत गीझरच्या पॉइंटवरून एसी चालवलेला दिसतो, त्यात वायर गरम होऊन सॉकेट वितळतं. अर्थिंग आहे का हे फक्त तिसरं भोक बघून ठरवू नका, वायरमनकडून मोजून घ्या. महावितरणच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो पुरतोय का तेही बघा. इनडोअर-आउटडोअरमधल्या वायरींचा क्रम दोन्हीकडे तंतोतंत सारखा हवा आणि मध्ये कुठे जोड नको. इन्व्हर्टर मशीनमध्ये त्यातली एक वायर सिग्नलची असते. तिथे चुकून फेज गेला की कार्ड (आतलं सर्किट) जळतं, आणि त्याची वॉरंटी मिळत नाही.

हातांना काम हवंच असेल तर हे घ्या. इनडोअरची जागा ठरवा: वर किमान पंधरा सेंटिमीटर मोकळं, हवा थेट अंगावर येणार नाही अशी. प्लेट लेव्हलने बसवा. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा, त्यात पीव्हीसीचा तुकडा सारून घ्या म्हणजे ब्लॉकचा भुसा इन्सुलेशनला घासत नाही. बीम किंवा कॉलममधून भोक पाडायचं नाही, पाईप वळवून न्यायचा. ड्रेनचा पाईप दर मीटरला एक सेंटिमीटर तरी खाली उतरत गेला पाहिजे, मध्ये कुठेही वर उचललेला नको, आणि त्याचं तोंड बादलीत बुडवून ठेवायचं नाही. इनडोअर बसल्यावर ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर येतंय ना बघा. बसवून गेलेल्या माणसांनी ही चाचणी क्वचितच केलेली असते, आणि नंतर येणाऱ्या ‘भिंतीवरून पाणी गळतंय’ या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं. दोन्ही पाईपना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. एकालाच घालून दोन्ही एकत्र टेप केले तर पाणी सुटतं. उन्हात राहणाऱ्या भागाला चांगली टेप लावा, आपल्याकडच्या उन्हात साधं काळं फोम दोन उन्हाळ्यांत भुगा होतं.

आणि सगळं खरोखरच स्वतः करायचं असेल तर एक खिडकीचा एसी घ्या. त्याची गॅसची सगळी नळी कारखान्यात ब्रेझ करून बंद केलेली असते, एकही नट सोडायचा नसतो. चौकट भक्कम, मशीन मागच्या बाजूला किंचित उतरतं आणि विजेची लाइन व्यवस्थित, एवढं झालं की काम संपलं. आवाज जास्त येतो आणि खिडकी जाते. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मी अजूनही तोच सुचवतो, कारण हलवताना गॅसचा प्रश्नच येत नाही.

तुमचा स्प्लिट आलेलाच आहे, तेव्हा क्रम असा ठेवा. आउटडोअरचं खोकं उभंच ठेवा, आडवं करू नका. आधी वायरमन, मग भोक आणि ड्रेन, मग एसीचा माणूस. त्याला फोनवरच विचारा: व्हॅक्यूम पंप आणि मायक्रॉन गेज आणणार का, फ्लेअर टूल कोणतं, जास्तीच्या गॅससाठी वजनकाटा आहे का, सेफ्टी बेल्ट आहे का. ‘गरज नाही, मशीन गॅस भरूनच आलंय’ असं उत्तर आलं की दुसरा माणूस बघा. पाईपची जाडी विचारा, आणि तो मशीनच्या गॅसला चालणारा नवा हवा, आधी कुठे वापरलेला नको. दर ठरवताना व्हॅक्यूमचे पैसे वेगळे मागितले तर द्या, त्यात घासाघीस करू नका. शक्य असेल तर मार्च ते मे टाळा. त्या दिवसांत एकेक माणूस दिवसभरात इतकी घरं धरतो की संध्याकाळच्या घरात व्हॅक्यूमची वीस मिनिटं हमखास गाळली जातात. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

तो काम करत असताना जवळ उभे राहा. फ्लेअर उजेडात बघायला मागा, पंप बंद केल्यावर गेजचा आकडा स्वतः वाचा. व्हॉल्व्ह ॲलन कीने पूर्ण उघडल्यावर त्यांच्या पितळी टोप्या पान्याने आवळल्या का ते बघा, त्या टोप्याही गळती अडवतात. मशीन चालू करण्याआधी चारही नटांवर साबणाचं पाणी लावून घ्या आणि निदान दोन मिनिटं बघत राहा, बारीक गळतीचा फेस हळू येतो. मशीन अर्धा तास चालल्यावर इनडोअरच्या आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा थर्मामीटरने मोजा. दहा अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त फरक असेल तर ठीक. तो आकडा, त्या दिवशीचं बाहेरचं तापमान, व्हॅक्यूमचं वाचन, जास्तीचा गॅस घातला असेल तर किती ग्रॅम आणि दोन्ही युनिटचे सीरियल नंबर वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुणी ‘गॅस कमी झालाय’ म्हणाला, तर आधी हेच आकडे पुन्हा मोजायला लावा.